किरकोळ कप

वाळलेली तुराटी गुडघ्यावर घेऊन मोडली की जो आवाज येतो, तोच माणसाची नडगी मोडताना येतो. मला ठाऊक आहे, कारण एक नडगी मी मोडली आहे. ती माझ्याच संघातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूची होती. आणि ज्या कपाच्या सामन्यात मोडली, त्या कपाला मी आठच दिवस आधी माईकवर, शंभरेक माणसांसमोर, किरकोळ म्हणालो होतो. सुरुवातीला मी लोकांना चुकून लागलं असं सांगायचो. आता कुणी विचारलं तर गप्प बसतो. पण लिहायलाच बसलो आहे तर खरं ते लिहितो.

धाराशिवात माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रिल, जिन्याचं रेलिंग, पत्र्याची शेडं. दिवसभर लोखंड ठोकायचं आणि संध्याकाळी मैदानावर जाऊन माणसं ठोकायची, असं माझी बायको म्हणते. खोटं नाही. मी स्टॉपर. गोलच्या तोंडाशी उभं राहायचं आणि येईल त्याला आडवा करायचा, एवढंच मला आयुष्यात नीट जमलं. माझ्या नावावर दोन नाकं, एक खांदा आणि एका पंचाचा चष्मा आहे. आमचा जिल्हा खो-खोचा. इथं लेकरू चालायला लागलं की आधी खांबाला हात लावून पळतं. फुटबॉलला कुणी विचारत नाही. तरी बारा वर्षं आम्ही मुरमाच्या मैदानावर गुडघे सोलून घेतले. मी संघाचा कॅप्टन, मीच शिकवणारा. तालमीत म्हणतात तसं पोरं मला वस्ताद म्हणायची. दोन वर्षांमागं आम्ही विभागात पहिले आलो आणि राज्य स्पर्धेला पात्र ठरलो.

ते सगळं एका माणसाच्या जिवावर झालं. त्याला आम्ही नऊ नंबर म्हणायचो, कारण जर्सी नऊची. त्याचं गाव ईटच्याही पलीकडं, भूम तालुक्यात. तो मला सापडला तोही तिथल्याच जत्रेच्या कपात. गावाकडून खेळत होता. अनवाणी. मी त्याला पहिल्या दहा मिनिटांत तीनदा पाडला. तिन्ही वेळा उठला, पायाची माती झाडली आणि हसला. चौथ्या वेळी माझ्या दोन पायांतून बॉल काढून गोल करून आला. मी सामना संपल्यावर त्याची मानगूट धरली आणि म्हणालो, धाराशिवला चल. तो खरंच आला. माझ्याच दुकानात ग्राइंडर धरायला लागला, मागच्या खोलीत राहायला लागला. तीन वर्षं मी त्याला रोज शिव्या घातल्या आणि रोज जेवू घातलं.

त्याला पोलीस व्हायचं होतं. आमच्याकडं निम्म्या पोरांना व्हायचं असतं, पण ह्याची भरती दोन वेळा अगदी थोडक्यात हुकली होती. वयाची अट आता शेवटच्या वर्षावर आली होती. राहिला होता एकच रस्ता. राज्य स्पर्धेत पहिल्या तिनात आलं की सर्टिफिकेट मिळतं, आणि त्यावर भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेतून अर्ज भरता येतो. आमच्यासाठी राज्य स्पर्धा म्हणजे मोठेपणा होता. त्याच्यासाठी ती वर्दी होती. दुकानात माप घ्यायला पोलीसपाटील आले तरी हा सावधानमध्ये उभा राहायचा, आणि बाकीची पोरं त्याची टिंगल करायची.

आम्ही पात्र ठरलो म्हणून सत्कार झाला. शाल, नारळ, भाषणं. माझ्या हातात माईक आल्यावर मागून कुणीतरी विचारलं, "पुढच्या रविवारी जत्रंचा कप हाय. गेल्या साली तुमीच जिंकलाव. येणार का न्हाय?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणालो, "आता आमी राज्याला निघालोय. असल्या किरकोळ कपाला आमच्याकडं टाइम न्हाय. लईच झालं तर बारकी पोरं पाठवू."

लोक हसले. मीही हसलो. कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं आणि मी घरी जाऊन शाल काढायच्या आत ते त्या गावात पोचलं.

विचार म्हणून बघाल तर मी काही वेगळं बोललो नव्हतो. रविवारी जत्रेचा कप, पुढच्याच शनिवारी राज्याचा पहिला सामना. पोरं मोबाइलवर परदेशातले सामने बघतात. तिकडचे मोठे क्लबसुद्धा बारक्या कपाला दुसरी फळी पाठवतात आणि चांगली माणसं मोठ्या सामन्याला राखून ठेवतात. शहाणपणाच आहे तो. चांगला बैल कुणी ऐन पेरणीच्या तोंडावर शर्यतीत घालत नाही. पण ज्या कपात मला माझा नऊ नंबर सापडला, तो कप किरकोळ कसा, हे मला त्या वेळी सुचलं नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

सोमवारी दुकानात नऊ नंबर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हातातला ग्राइंडर त्यानं खाली ठेवला होता, तेव्हाच मी ओळखलं.

"वस्ताद, रविवारी म्या गावाकडं जाऊन येतो."

"कशाला?"

"कप हाय. दादाचा हाय कप. गाव वाट बघतंय."

"तिथं पाय मोडला तर वर्दी जाईल तुझी," मी म्हणालो. हे वाक्य माझ्याच तोंडचं आहे. "पहिल्या टीममधला एकबी माणूस तिथं जाणार न्हाय. तू तर न्हाईच न्हाय."

"दादानं बोलावलंय."

"मग दादालाच सांग वर्दी शिवून द्यायला."

तो ग्राइंडर उचलून परत कामाला लागला. दिवसभरात त्यानं तीन डिस्क फोडल्या.

त्याचा दादा म्हणजे थोरला भाऊ. सगळा गाव त्याला फौजी म्हणतो. सतरा वर्षं पलटणीत होता, तिकडं ईशान्येला फुटबॉल शिकला आणि रिटायर झाल्यावर बॉल घेऊनच गावात आला. कुस्त्यांच्या गावात फुटबॉल रुजवणं म्हणजे खडकावर पाणी घालणं, पण त्यानं घातलं. जत्रेच्या कुस्त्यांसोबत एक कप सुरू केला. कप कुठला, तर पलटणीनं त्याला निरोपाला दिलेला. दोन कानांचा, पितळी, बुडाशी पलटणीचा शिक्का. आपल्या निरोपाचा कप त्यानं गावासाठी मांडला, आणि एक रीत घातली. जिंकलेला संघ तो वर्षभर सांभाळणार, आणि पुढच्या जत्रेला त्या संघाच्या कॅप्टननं तो वेशीपासून मैदानापर्यंत डोक्यावर घेऊन परत आणायचा. हलगी लावून.

मंगळवारी फौजीचा फोन आला. बोलणं शांत. "तुमी खेळू नका, चालंल. पण कप डोक्यावर घिऊन कॅप्टननं यायचं असतंय. ती रीत हाय."

"पाठवतो कुणाकडं तरी."

"तुमी न्हाय आलाव तर लोक न्हाईत यायचे बघायला. लोक न्हाय आले तर पुढच्या साली पोरं खेळायची न्हाईत. तुमच्या लक्षात यायलंय का?"

"फौजी, मला राज्याची तयारी हाय," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

आता तो कप वर्षभर आमच्याकडं कसा होता ते सांगायला हवं. मैदानावर रेषा मारायला चुन्याची पांढरी फक्की लागते. ती घमेल्यात घेऊन मुठीनं सोडत जायचं. क्लबच्या घमेल्याचं बूड गंजून गळून गेलं होतं. मी वेल्डर माणूस, पाच मिनिटांत त्याला नवं बूड लावलं असतं. पण कप हाताशी होता, दोन कान होते, धरायला सोपा. वर्षभर आम्ही त्या कपात फक्की भरून रेषा मारल्या. तो आतून पांढरा झाला, कानांच्या सांध्यांत फक्की दगडासारखी बसली. एकदाही कुणाच्या मनात आलं नाही की हे बरं नाही. माझ्याही नाही.

शुक्रवारी संध्याकाळी नऊ नंबर सरावाला आला नाही. मागच्या खोलीत त्याची पिशवी नव्हती. फोन बंद. शनिवारी रात्री मला कुणीतरी त्या गावातली चित्रफीत दाखवली. गावातली पोरं बॉल घेऊन उभी, आणि मध्ये एक म्हणतो, "धाराशिवचा वाघ भ्याला, म्हणून बारकी पोरं पाठवायलाय." मागं भिंतीला टेकून नऊ नंबर उभा होता. गावाची जर्सी घालून.

माझं डोकं फिरलं. बायको म्हणाली, "जाऊ द्या की. तुम्हीच म्हणलाव ना किरकोळ हाय म्हणून." पोरगा मानगूट धरून परत आणायचा, एवढंच मी ठरवलं होतं, असं मी तिला नंतर सांगितलं. पण पहाटे निघताना बूट मी पिशवीत टाकले होते. ज्याला फक्त माणूस आणायचा असतो तो बूट कशाला घेईल?

दुसऱ्या फळीची बारा पोरं, मी आणि कप, अशी जीप निघाली. तेरखेड्याला पोरांनी जीप थांबवायला लावली आणि जिंकल्यावर लावायला फटाक्यांची एक लांब माळ घेतली. मी नको म्हणालो नाही. कप फक्कीच्या पोत्यात तसाच गुंडाळून मागं पडला होता.

वेशीत हलगीवाले उभे होते. फौजी इस्त्रीच्या कपड्यात, छातीवर बिल्ले लावून. मला बघून त्याला बरं वाटलं, ते त्याच्या तोंडावर दिसलं. "आलाव. लई बरं केलं," तो म्हणाला. मी पोत्यातून कप काढला, वरवर झटकला आणि डोक्यावर घेतला. हलगी सुरू झाली. दोन्ही बाजूंना माणसं. ऊन रणरणत होतं आणि मला घाम सुटला होता. अर्ध्या वाटेत एक म्हातारी हसली, मग पोरं हसायला लागली. माझ्या कपाळावरून काहीतरी ओघळत होतं. हात लावला तर पांढरं. चालताना कप डोक्यावर हादरत होता, आणि आतली सुटी फक्की कडेवरून सांडून माझ्या केसांत, कानांत, डोळ्यांत येत होती. डोळे झोंबायला लागले. हसणं हळूहळू थांबलं, कारण लोकांना कळलं ते काय आहे. शेवटी हलगीपण थांबली.

मैदानावर फौजीनं माझ्या हातातून कप घेतला. आत बघितलं. मग तो उलटा केला आणि बुडावर एक थाप मारली. मूठभर फक्की त्याच्या चकचकीत बुटांवर पडली.

"ह्यो मला पलटणीनं दिला व्हता," तो म्हणाला. एवढंच. कप टेबलावर ठेवला आणि पंचाला म्हणाला, शिट्टी वाजवा.

त्या वेळी मी माफी मागायला पाहिजे होती. तोंडात शब्दही आला होता. पण गाव बघत होतं, आणि माझ्या तोंडाला चुना लागलेला होता. लाज वाटली की मला राग येतो. ही माझी लहानपणापासूनची खोड आहे आणि तिनं माझं कधी भलं केलं नाही.

मी बूट चढवले.

नऊ नंबर समोरून चालत आला. माझ्याकडं बघून मान हलवली. "वस्ताद, तुमी नगा उतरू," तो हळूच म्हणाला. "आज लोकं चिडल्याती."

"चल जीपमध्ये बस," मी म्हणालो.

"एवढा खेळून येतो. मग संध्याकाळी तुमच्याबरोबरच येतो. शनिवारी खेळायचंच हाय की आपल्याला."

आपल्याला म्हणाला तो. तरी माझा पारा उतरला नाही.

सामना कसला, मारामारीच ती. पहिल्या पाच मिनिटांत त्यांच्या एका पोरानं आमच्या बारक्या विंगरच्या बरगडीत कोपर घातलं. मी त्याच्या पोटात गुडघा घातला. पंच शिट्टी वाजवत राहिला, कुणी ऐकलं नाही. मुरमावर घसरून माझी मांडी सोलली, रक्त मोज्यात उतरलं. आणि नऊ नंबर त्या सगळ्यातून बॉल घेऊन असा जात होता, की जणू त्याला कुणाशी भांडणच नव्हतं. पहिला गोल त्यानं केला. काठावरून शे-दोनशे माणसं एका सुरात ओरडली, "किरकोळ." दुसरा केला. पुन्हा, "किरकोळ." म्हाताऱ्या ओरडत होत्या, लहान लेकरं ओरडत होती. मी बॉल मारला की "किरकोळ". मी पडलो की "किरकोळ". माझ्या डोळ्यांत चुना, कानांत तो शब्द.

मग तो माझ्यासमोर आला. एकटा. मागं फक्त आमचा गोलकीपर. त्यानं अंग डावीकडं झुकवलं, मी डावीकडं गेलो, आणि त्यानं माझ्या दोन पायांतून बॉल काढला, अगदी तीन वर्षांमागं काढला होता तसाच. आणि हसला. टिंगल करत नव्हता, मला माहीत आहे. ते त्याचं आनंदाचं हसू होतं. दुकानात वेल्डिंगचा सांधा नीट बसला तरी तो तसाच हसायचा.

बॉल गेला होता. माझ्यापासून दोन हात पुढं गेला होता. मी बॉलवर गेलो नाही. मी वळलो आणि उजवा पाय उचलून, सगळं अंग घालून, त्याच्या उभ्या पायावर गेलो. तो उभा पाय होता, वजन घेतलेला, हे मला दिसत होतं. तुराटीचा आवाज आला.

तो ओरडला नाही. खाली बसला आणि आपल्या पायाकडं बघत राहिला. पाय जिथं वाकायला नको तिथं वाकला होता.

त्याच्या पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. माणसं मैदानात शिरली. कुणीतरी कोपऱ्यावरचा झेंड्याचा बांबू उपटून माझ्या पाठीत घातला. मी तो धरून ओढला आणि समोर जो आला त्याच्या तोंडावर ठोसा मारला. तो कोण होता मला आजही माहीत नाही, दात माझ्या बोटांना लागले तेवढं आठवतं. आमची पोरं जीपकडं पळाली. दोघांना लोकांनी गाठून तुडवलं. जीपखाली कुणीतरी सुतळी बॉम्ब टाकला, मागची काच फुटली. आमची तेरखेड्याची माळही कुणीतरी ओढून पेटवली आणि ती जमिनीवर नाचत माणसांच्या पायांत फुटत होती. धुरातून फौजी आला. शांत चालत आला. त्याच्या हातात कप होता. दोन्ही हातांनी वर उचलला आणि माझ्या डोक्यात घातला. कपाचा एक कान तुटून उडाला. मी खाली बसलो, आणि तुटका कप माझ्या मांडीत पडला. त्यानं दुसऱ्यांदा मारलं नाही. तो भावाकडं पळाला.

पोरांनी मला ओढून जीपमध्ये घातलं. शुद्ध आली तेव्हा मी त्या कपाला दोन्ही हातांनी कवटाळून बसलो होतो आणि त्याच्या आतला चुना माझ्या रक्तानं गुलाबी झाला होता. तुटलेला कान आमच्या गोलकीपरनं खिशात घातला होता. का, ते त्यालाही सांगता आलं नाही.

धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात माझ्या डोक्याला टाके घालत होते, तेव्हा त्याला आणलं. एकाच खोलीत. तो स्ट्रेचरवर, मी स्टुलावर, मध्ये फौजी उभा. जबाब घ्यायला पोलीस आला. नऊ नंबरच्याच वयाचा असेल. नवी वर्दी, कडक इस्त्री. तो वही उघडून विचारायला लागला आणि नऊ नंबर त्याच्या पट्ट्याकडं, बिल्ल्याकडं, बुटांकडं बघत होता.

"कुणी मारलं?"

फौजीनं माझ्याकडं बघितलं. मी बघितलं ते फरशीकडं. माझ्या तोंडून एक वाक्य निघालं असतं तर सगळं सरळ झालं असतं. मी मारलं, मुद्दाम मारलं. मला ते बोलता आलं नाही. मैदानावर कुणाच्या बापाला न भिणारा मी, वहीला भ्यालो.

"मारलं न्हाय साहेब," नऊ नंबर म्हणाला. "खेळताना लागलं. किरकोळ हाय."

"नडगी दोन जागी मोडलीय, अन् किरकोळ?"

"व्हय. कपच किरकोळ व्हता."

माझ्याकडं बघून म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो छताकडं बघत होता. पोलिसानं मला विचारलं, "आणि तुमच्या डोक्याला?" मी म्हणालो, "पडलो. किरकोळ हाय." त्यानं वही मिटली. दुसऱ्या दिवशी पेपरात कोपऱ्यात चार ओळी आल्या, की जत्रेत किरकोळ कारणावरून हाणामारी झाली.

राज्य स्पर्धेच्या खेळाडूंची यादी बुधवारपर्यंत पक्की करायची होती. ती माझ्याच हातची. मी दुकानात बसून त्याच्या नावावर पेनानं रेघ मारली आणि दुसऱ्या फळीतल्या एकाचं नाव लिहिलं. त्याच्या पायात सळई घातली होती त्याच दिवशी.

आणि आम्ही राज्यात तिसरे आलो. त्याच्याशिवाय. कसे आलो देव जाणे, एक सामना तर समोरचा संघ उशिरा पोचला म्हणून आमच्या पदरात पडला. त्याच्या जागी घेतलेला पोरगा एक मिनिटही मैदानात उतरला नाही, बाकावर बसून शेंगा खात होता. त्याला सर्टिफिकेट मिळालं. मलाही मिळालं. माझं वय सदतीस. ते घेऊन मी कुठल्या भरतीत उभा राहू? दुकानाच्या कपाटात वेल्डिंग रॉडच्या खोक्याखाली ते पडलं आहे. भरती निघाली, झाली, आमच्यातली दोन पोरं त्याच कागदावर लागली. पेढे घेऊन आली तेव्हा मी शटर अर्धं ओढून आत बसलो होतो.

दवाखान्यात मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा तो झोपलेला होता, किंवा डोळे मिटून पडलेला होता. त्याची पिशवी न्यायला फौजीनं दुसऱ्याच कुणाला पाठवलं.

कप माझ्याकडंच राहिला. सहा महिने मी त्याला हात लावला नाही. मग एका दुपारी काढला, चिंचेच्या कोळात भिजवला आणि आतून घासायला बसलो. चुना निघता निघेना. बायको म्हणाली, "बैल गेला अन् झोपा केला." पण तीही पदर खोचून समोर बसली. चार दिवस घासला. कान मी ब्रेझिंग करून जोडला. सांधा दिसतो. मी तो घासून दिसेनासा करू शकलो असतो, पण केला नाही.

पुढच्या जत्रेला आम्हाला बोलावणं आलं नाही. मी एकटाच गेलो, एसटीनं. वेशीत हलगी नव्हती. मी कप डोक्यावर घेतला आणि चालायला लागलो. कुणी मारलं असतं तर मी हात वर केला नसता, एवढं ठरवून गेलो होतो. कुणी मारलं नाही. लोक बाजूला सरले आणि बघत राहिले. फौजी वाटेत उभा होता. त्यानं कप माझ्या डोक्यावरून उतरवला, आत बघितलं, जोडलेल्या कानावरून अंगठा फिरवला, आणि पुन्हा माझ्या हातात दिला. मैदानाकडं बोट केलं.

मैदानावर एक माणूस एकटाच रेषा मारत होता. हातात घमेलं, मुठीनं फक्की सोडत चाललेला. उजवा पाय टाकताना तो कमरेतून झुकायचा, पण रेषा दोरी लावल्यासारखी सरळ येत होती. मी त्याच्या मागं जाऊन उभा राहिलो. तो वळला. मी वाट बघत होतो की तो मला वस्ताद म्हणेल. शिवी दिली असती तरी चाललं असतं, फक्त पुढं वस्ताद लावून दिली असती तर.

अनोळखी माणसाला कुठंही करतात तसा त्यानं मला राम राम केला.

"राम राम, पाव्हणं. कप तिथं टेबलावर ठिवा," तो म्हणाला. मग माझ्या पायांकडं बघितलं. "अन् जरा रेषेच्या भाईर व्हा. आता खेळ सुरू व्हायचाय."

मी खाली बघितलं. माझे दोन्ही पाय आत होते. मी बाहेर झालो.